उपवासाचं ताट आणि वाढलेली शुगर

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेह असलेल्यांना महागात पडते. एरवी पोळ्या मोजून खाणारे काका उपवासाला खिचडीची बशी दोनदा भरून घेतात. सोबत बटाट्याची भाजी, केळं, चार वाजता वेफर्स. वर ‘आज पोटात काहीच नाही’ हे आहेच.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. 50 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 44 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे साधारण दोन पोळ्यांइतकी. पण पोळीसोबत थोडी प्रथिनं आणि कोंडाही पोटात जातो. साबुदाण्यात दोन्ही नावापुरतं. कढईत पांढरा दाणा पारदर्शक होतो, तेव्हा त्यातला स्टार्च फुगून पचायला सोपा झालेला असतो. साखर भराभर चढते ती त्यामुळे. खिचडीची थोडीफार अब्रू राखतो तो शेंगदाण्याचा कूट!

मग उपवास सोडायचा का? माझ्या मते गरज नाही, ताट बदलायचं. वरीच्या तांदळात साबुदाण्यापेक्षा तंतू आणि प्रथिनं जास्त, पण तेही धान्यच. लहान वाटीभर पुरे. त्यावर दाण्याची आमटी, गूळ न घालता. काकडी किसून केलेलं राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, लाल भोपळ्याचं भरीत. घरात चालत असेल तर भेंडी. रताळं आणि बटाटा यांतलं एकच, तेही वरी किंवा थालीपीठ कमी करून. खिचडीवर जीवच असेल तर चार चमचे घ्या आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. आकडा पाहिल्यावर कुणी समजावायची गरज उरत नाही.

निर्जळी मात्र वेगळी. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोट रिकामं असेल, तर जाऊ शकते. तेव्हा आषाढीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या, आपल्या मनाने गोळी टाळू नका. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तपासा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि उपवास तिथेच सोडा.