भिक्षेची झोळी आणि सोनेरी वेदी : गोव्यातील फ्रान्सिस्कन संघ

अनमोड घाट उतरून जुन्या गोव्याला आपल्यापैकी बहुतेक जण गेले असतील. सेंट झेवियरच्या दर्शनाला रांग लागते. रस्त्यापलीकडच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये मात्र थोडेच लोक वळतात. त्याच्या मुख्य वेदीवर क्रुसावरच्या ख्रिस्ताशेजारी संत फ्रान्सिस उभा आहे आणि खाली त्याची व्रते कोरली आहेत : दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. ही वेदी लाकडी कोरीवकामाची असून तिला सोन्याचा मुलामा आहे. दारिद्र्याचे व्रत सोन्यावर कसे कोरले गेले, हे समजायचे तर आठशे वर्षे मागे जावे लागते.

फ्रान्सिस हा इटलीतील असिसी गावच्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा. बापाने वारशाचा वाद बिशपापुढे नेला, तेव्हा त्याने अंगावरची वस्त्रेही उतरवून परत केली. दीक्षेची वर्णने ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या जैनाला हा प्रसंग परका वाटत नाही. 1209 साली पोपने त्याच्या मंडळीला तोंडी मान्यता दिली, 1223 साली लेखी नियमावली मंजूर झाली. त्याआधीचे बेनेडिक्टाइन साधू मठात राहत. मठाला शेतीवाडी असे. फ्रान्सिसचे साधू 'बंधू' म्हणवीत, गावोगाव हिंडत, अंगमेहनत करीत आणि कमी पडले तर भिक्षा मागत. पैशाला हात लावायचा नाही. दोन झगे, एक टोपीचा व एक बिनटोपीचा. फाटले तर गोणपाटाचे ठिगळ. कमरेला दोरी. घोड्यावर बसायचे नाही, मात्र आजारपणात किंवा खरीच गरज पडली तर चालेल. आपण आजारी पडल्यावर जशी सेवा व्हावी असे वाटते, तशीच आजारी बंधूची करावी, असेही त्या नियमावलीत आहे. डॉक्टर म्हणून मला हे कलम फार आवडते. पुढ्यात येईल ते अन्न घ्यावे ही मुभा मात्र आमच्या साधूंना नाही. तेथे वाटा वेगळ्या होतात.

अडचण आली ती संघ वाढल्यावर. हजारो साधूंना छप्पर हवे, ग्रंथ हवेत. मग 1245 साली पोपने तोड काढली : मालमत्ता पोपच्या नावावर, साधूंना फक्त वापर. देवस्थानाच्या जमिनी कसणाऱ्या आपल्या मंडळींना ही युक्ती लगेच कळेल. पण कडक व्रतवाल्यांचे समाधान झाले नाही. वाद चिघळत जाऊन 1517 साली संघ अधिकृतपणे दुभंगला, आणि त्याच सुमारास या चर्चच्या जागी फ्रान्सिस्कनांचा मठ उभा राहू लागला. आजचे चर्च 1661 चे. दर्शनी दार तेवढे जुने ठेवले आहे.

येथे हे साधू राजसत्तेच्या सावलीत आले. बारदेश त्यांच्याकडे सोपवला गेला. तेथील देवळे पाडली गेली, त्यात त्यांचाही हात होता. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या तालुक्यातील कुणबी घराण्यांचे पूर्वज त्या काळच्या जाचाने घाट चढून आले, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते.

मला सर्वांत बोचते ती भाषेची गोष्ट. फ्रान्सिसने सूर्य-चंद्राला भाऊ-बहीण म्हणणारे स्तोत्र लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या मुलखाच्या बोलीत रचले. महावीरांनीही उपदेशासाठी लोकांची अर्धमागधीच निवडली होती. गोव्यात याच संघातील गास्पार द सांव मिगेल या साधूने सतराव्या शतकात स्थानिक भाषेचे व्याकरण लिहिले. आणि याच संघाच्या आग्रहावरून 1684 साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. लोकांची भाषा शिकण्याची तसदी घेण्यापेक्षा लोकांनाच भाषा बदलायला लावणे त्यांना सोपे वाटले असावे. हुकूम निघाला, घराघरांत कोकणी चालूच राहिली.

1835 साली पोर्तुगीज सरकारनेच गोव्यातील साधुसंघ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. चर्चला लागून असलेल्या मठाच्या इमारतीत 1964 पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तेथे आता गोव्यातील जुन्या मूर्ती, वीरगळ आणि सतीशिळा मांडून ठेवल्या आहेत.