भोंगा वाजला की...

रमजानमध्ये नंदुरबारच्या आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी भोंगा वाजतो. दिवसभर कोरडा पडलेला घसा त्या आवाजाकडे कान लावून असतो. खजूर हातात असते, पण भोंग्याआधी कुणी ती तोंडात टाकत नाही. यंदा तिसऱ्या रोज्याला माझ्या एका हातात खजूर होती आणि दुसऱ्यात मोबाइल. दस्तरखानाचा फोटो स्टेटसला टाकेपर्यंत बाकी सगळ्यांचा रोजा सोडून झाला होता. अम्मी म्हणाली, "पोटाचा रोजा धरलास बेटा, डोळ्यांचा कधी धरणार?"

रोजा नुसता पोटाचा नसतो. जीभ, कान, डोळे यांनाही आवर घालायचा असतो, हे लहानपणापासून ऐकत आलो. श्रावणातले उपवास करणाऱ्या माझ्या मित्रांच्या घरीही हेच सांगतात. पण तरावीहनंतर रील पाहता पाहता रात्रीचा एक वाजतो आणि सहेरीला पुन्हा उठायचं असतं. मग दुपारची चिडचिड आपण रोज्याच्या नावावर खपवतो. बिचारा रोजा! शेवटच्या दहा दिवसांत दुनियेपासून दूर मशिदीत एतेकाफला बसतात, तिथेही गेल्या वर्षी मी एकाच्या उशाशी चार्जर पाहिला.

असाच एक भोंगा सांगली जिल्ह्यात वाजतो. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली; शाळा उघडली तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना. सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामसभेपुढे विषय मांडला आणि ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला गावच्या मंदिरावरून भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, तेव्हा कुठे बसवलं. एकट्याने मोबाइल ठेवला की जीव तिकडेच राहतो. सगळ्या गावाने ठेवला की चुकल्यासारखं वाटत नाही. रोज्याचंही तसंच आहे.

आमच्याकडे आता भोंग्यापासून तरावीह होईपर्यंत सगळे मोबाइल पिठाच्या डब्यावर. पहिले दोन दिवस हात उगाच खिशाकडे जायचा. तिसऱ्या दिवशी दिसलं, अम्मी खजूर खातच नाही. दाढ दुखते म्हणून नुसत्या पाण्याने रोजा सोडते. रोजच्या फोटोत मात्र तिच्यापुढे खजूर होती.

दाताच्या डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणते, ईद होऊ दे.