लोडशेडिंगमधून वाचलेल्या तबकड्या

१९९८च्या सुमारास ठाण्यात कॉम्प्युटर घ्यायचा तर बहुतेक जण असेंबल्डच घेत. ओळखीतला एखादा मुलगा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणी आणि घरी बसून जोडून देई. त्या काळातली क्वांटमची ४.३ जीबीची डिस्क, २००४ची ८० जीबीची आणि त्यानंतरच्या लॅपटॉपमधली एक अशा तीन हार्ड डिस्क खोपटच्या घरात पोटमाळ्यावर पडून होत्या. (क्वांटमचा हा धंदा २००१मध्ये मॅक्स्टरकडे गेला, २००६मध्ये मॅक्स्टर सीगेटकडे.) तिन्ही उघडल्या. आतली मांडणी जवळजवळ तीच: आरशासारख्या तबकड्या, त्यांवरून सरकणारा हात, त्याच्या टोकाला हेड. बदलत गेलं ते वीज गेल्यावर या हाताने कुठे जाऊन बसायचं, ते.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. तबकडी फिरते तेव्हा हेड तिला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. ८० जीबीच्या डिस्कमध्ये ही फट केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. फिरणं थांबलं की हेड खाली टेकणारच, आणि ते माहितीवर टेकलं तर ओरखडा. ऐंशीच्या दशकातल्या अनेक डिस्कना बंद करण्याआधी ‘पार्क’ अशी आज्ञा द्यावी लागे.

ठाण्यात २००५नंतरची काही वर्षं रोजच्या लोडशेडिंगची. आज्ञा द्यायला सवड कुणाला? पण तोवर डिस्क शहाण्या झाल्या होत्या. वीज तुटली तरी तबकड्या काही क्षण गरगरत राहतात. तेवढ्या गतीवर मोटारच जनित्र बनते आणि त्या विजेवर हात सुरक्षित जागी ओढला जातो. पहिल्या दोन डिस्कच्या तबकड्या उजेडात तिरक्या धरल्या की आतल्या कडेला फिकट पट्टा दिसतो. तीच ही जागा. हेड चिकटू नये म्हणून मुद्दाम किंचित खडबडीत केलेली. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये पट्टाच नाही. तिथे हेड तबकडीच्या बाहेर, एका प्लास्टिकच्या उतारावर चढून बसतं.

म्हणून त्या काळी प्रत्येक मेलेल्या डिस्कचं खापर लोडशेडिंगवर फुटे, ते मला अर्धंच पटतं. वीज जाण्याने अर्धवट लिहिलेली फाइल बिघडे. डिस्कचा जीव घेणारा झटका बहुधा वीज परत येताना बसे. आमच्या ८० जीबीच्या डिस्कच्या तबकड्यांवर एक ओरखडा नाही, मात्र खालच्या सर्किट बोर्डावरची एक चिप जळून काळी पडली आहे.

कुणाला उघडायचीच असेल तर चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर लागेल, आणि सगळे स्क्रू काढूनही झाकण हललं नाही तर लेबलखाली बोटाने चाचपावं. एक स्क्रू तिथे लपलेला असतो. आतली निओडिमियमची चुंबकं बोट चिमटतात, आणि चांगलीच. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, वाकवायला गेलं तर ठिकऱ्या उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा. उरलेलं गल्लीतल्या भंगारवाल्याला देण्याचा मोह होतो. सर्किट बोर्ड तरी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच द्यावा. चुंबकं मी ठेवून घेतली.