धुळीएवढे बी आणि कागदाची पुडी

बी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचोका किंवा फार तर मोहरीचा दाणा येतो. मोहरी ही आपल्या लेखी बारीकपणाची परिसीमा. परंतु निसर्गाच्या कोठारात मोहरी हे बरेच मोठे धान्य आहे. तिच्यापुढे पीठ वाटावे, किंबहुना चिमटीत धरले तरी बोटाला जाणवू नये, असे बियाणे आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलुखातच पिकते. त्यातले काही माणूस मुद्दाम पिकवतो, काही डोंगरमाथ्यावर आपोआप उगवते, आणि काही शेतकऱ्याच्या मुळावर येते. हे बी राखावे कसे, दूरगावी पाठवावे कसे आणि मुळात पाठवावे की नाही, याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

सड्यावरचे शिकारी

बेळगावहून गोव्याकडे निघाले की जांबोटी, मलप्रभेचे उगमस्थान असलेले कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाट लागतो. या वाटेवर जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. उन्हाळ्यात तव्यासारखे तापणारे हे कातळ पावसाळ्यात पाण्याने निथळत असतात. मातीचा थर जेमतेम बोटभर, आणि त्यातलेही नत्र व स्फुरद पावसाच्या धारांनी धुऊन गेलेले. अशा दरिद्री जमिनीत तगून राहण्यासाठी काही वनस्पतींनी कीटक मारून खाण्याची विद्या साधली आहे.

त्यांतील एक दवबिंदू. ग्रीक भाषेतील दव या अर्थाच्या शब्दावरूनच तिला ‘ड्रॉसेरा’ हे शास्त्रीय नाव मिळाले. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. दव समजून बसलेला चिलट तेथेच अडकतो, केस त्याच्याकडे वळतात आणि पानातून पाझरणारे रस त्याला पचवतात. दुसरी सीतेची आसवे, म्हणजे ‘युट्रिक्युलारिया’. हिची निळीजांभळी फुले पाहून कोणालाही तिचा संशय येणार नाही, कारण तिचे सापळे जमिनीत, पाण्याने भरलेल्या मातीत दडलेले असतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान अशा त्या फुग्यांतील पाणी वनस्पती बाहेर काढून टाकते. सूक्ष्म जीवाचा दाराशी असलेल्या केसाला धक्का लागताच दार उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतबाहेर घडते. चार्लस डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, तो याच कुळांच्या नवलाईमुळे.

आपल्या सड्यांवरील यांच्या बहुतेक जातींचे आयुष्य एका पावसाळ्याचे. पाऊस ओसरला की झाड वाळते आणि इवल्याशा बोंडांतील बी कातळाच्या भेगांत सांडते. पुढचे सात-आठ महिने ते रणरणत्या उन्हात पडून राहते. ज्या बियांवर पुढच्या वर्षीची सारी पिढी अवलंबून आहे, त्यांचा दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असतो.

निपाणीच्या वाफ्यातला धडा

असे बारीक बी हाताळायचे कसे, हे शिकण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. वेदगंगेच्या काठचा निपाणी भाग विडीच्या तंबाखूसाठी आणि वखारींसाठी प्रसिद्ध आहे. १९८१ सालच्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने हे नाव देशभर पोहोचले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्रही येथे आहे. या तंबाखूचे बी एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार भरते. एकरभर रानाला पुरतील एवढी रोपे, निदान हिशेबाने तरी, एका लहान चमच्यात मावतात!

हे बी कोणी थेट रानात पेरत नाही. वाफ्यात तरू टाकायचे आणि मग रोपे लावायची ही रीत. तरू टाकताना बियाण्यात चाळलेली राख किंवा बारीक वाळू मिसळतात. नुसते बी मुठीतून फेकले तर एका जागी ढीग आणि दुसरीकडे मोकळी माती असे होईल. राखेमुळे ते सारखे पसरते आणि कोठे पडले तेही दिसते. वर मातीचा थर घालीत नाहीत, कारण इतक्या लहान दाण्यात अंकुराला जाड थर फोडून वर येण्याइतकी शिदोरीच नसते. पाणीही झारीने, हलक्या हाताने. घरात कुंडीत दवबिंदूचे बी पेरणाऱ्याला याहून वेगळे काही शिकायचे नाही. फरक एवढाच की कीटकभक्षींना खत चालत नाही, आणि कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणीही सोसत नाही. त्यांना पावसाचे पाणी, तेही कुंडीखालच्या बशीतून, द्यावे.

पुडी कशी बांधावी

माहेरचे वाण लेकीच्या घरी पाठविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वालाचे वा दोडक्याचे बी फडक्यात बांधून पाठवता येते, पण धुळीएवढ्या बियाण्याचे तसे नाही.

पहिली गोष्ट सुकवण. बी सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर, पांढऱ्या कागदावर काही दिवस पसरून ठेवावे. कडक ऊन नको. बीजशास्त्रातील एक ठोकताळा असा की, विशिष्ट मर्यादेत, बियांतील ओलावा एक टक्क्याने उतरला की त्यांचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले की ते पुन्हा दुप्पट होते. आंबा-फणसाला मात्र हा नियम लावू नये. त्यांचे बी सुकले की मरते. बाटलीच्या तळाशी तव्यावर कोरडे भाजून पूर्ण गार केलेले तांदूळ घालावेत, त्यांवर कापूस आणि मग बियाण्याची पुडी ठेवून झाकण घट्ट लावावे. तांदूळ ओल शोषून घेतात. ही बाटली शीतकपाटात ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतील दमटपणा बियांवर जमतो.

दुसरी गोष्ट कागद. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदात बी तंतूंत अडकते. प्लास्टिकच्या पिशवीत घर्षणाने वीज निर्माण होऊन दाणे भिंतींना असे चिकटतात की झटकूनही सुटत नाहीत. साध्या पाकिटाच्या कोपऱ्यांत बारीक फटी असतात, त्यांतून बी गळते, आणि उरलेले गोंदाला चिकटते. म्हणून गुळगुळीत बटर पेपर घ्यावा आणि वैद्य चूर्णाची पुडी बांधीत त्याप्रमाणे, कडा एकमेकींत खोचून, गोंदाशिवाय पुडी बांधावी. ती दुसऱ्या लहान कागदी पाकिटात घालावी आणि त्यावर झाडाचे नाव, ठिकाण व बी काढल्याची तारीख लिहावी.

तिसरी गोष्ट प्रवास. टपालात पाकिटावर शिक्क्याचे घाव बसतात, ते यंत्राच्या रुळांतून जाते आणि थैलीत दडपले जाते. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, मधोमध खिडकी कापलेला तिसरा तुकडा घालून पुडी त्या पोकळीत बसवली, तर सारा दाब पुठ्ठ्यावर जातो. ज्याला पाठवायचे त्याला आधी कळवावे, म्हणजे पाकीट उन्हात तापलेल्या पेटीत पडून राहणार नाही. पुडी उघडताना पंखा बंद करावा, खाली पांढरी ताटली घ्यावी आणि श्वासही जपून सोडावा.

पुडीतला पाहुणा

आता या विषयाची गंभीर बाजू. तंबाखूच्या रानात पीक भरात आले की बुंध्याशी फिकट, पानांवाचूनचे कोंब वर येतात. हाच बंबाखू. त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, तो तंबाखूच्या मुळांना चिकटून तिचा रस पितो. त्याचे बी तंबाखूच्या बियाहूनही लहान. एका झाडाला ते हजारोंनी येते आणि मातीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. जवळ यजमानाचे मूळ आले, त्यातून पाझरणाऱ्या विशिष्ट द्रव्याची चाहूल लागली, की ते रुजते. अशा प्रकारचे पहिले द्रव्य कपाशीच्या मुळांतून १९६६ साली वेगळे करण्यात आले. जोंधळ्यातला टारफुला याच चालीचा.

अवजारांना लागलेली माती, ओढ्याचे पाणी आणि न निवडलेले बियाणे, या तिन्ही वाटांनी बंबाखू एका रानातून दुसऱ्या रानात जातो. धुळीएवढ्या बियाण्यात त्याहून बारीक धूळ मिसळलेली असली तर ती डोळ्यांना कशी दिसणार? पाठविणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, एका पुडीतून एखाद्याच्या शेतात कित्येक वर्षांचे संकट पोहोचू शकते. परदेशातून बियाणे आणण्यावर परवाना आणि निरोगीपणाचा दाखला यांची अट घालणारा २००३ चा वनस्पती विलग्नवास आदेश याच भयापोटी आहे. २०२० साली अनेक देशांत न मागवता आलेली बियाण्याची पाकिटे लोकांच्या दारात पडली, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानेही सावधगिरीचा इशारा दिला होता. परदेशातील मुलानातवंडांना हौसेने बी पाठविणाऱ्यांनी त्या त्या देशाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

सड्यावरचे सड्यावरच

हौशी मंडळींना एक विनंती. मेघालयातील घटपर्णीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने रोखलेला आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीतही ती आहे. आपल्या दवबिंदूचा तेवढा गाजावाजा नाही, म्हणून ती उपटून न्यावी असे मात्र नव्हे. वनजमिनीवरून परवानगीवाचून झाड वा बी उचलणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की वर्षायु झाडाचे बोंड आपण खिशात घातले, तर त्या भेगेत पुढच्या पावसात काही उगवणार नाही. कुंडीत लावायचे असेल तर कोणाच्या तरी कुंडीतूनच आलेले बी मागावे. नावाची, ठिकाणाची खात्री नसलेली पुडी स्वीकारू नये आणि आपणही पाठवू नये. आश्विनात कणकुंबीकडे जाणे झाले, तर सड्यावर पाय जपून टाकावा, गुडघे टेकून ते थेंब पाहावेत, आणि रिकाम्या हाताने परतावे.