तूप, चरबी आणि पाळी

गेल्या दिवाळीत आदिलाबादला घरी गेले तर आजीनं दारातच विचारलं, "हे काय गं, पार काडी झालीस की!" होस्टेलात राहून मी पाच महिन्यांत नऊ किलो उतरवले होते. त्यातले शेवटचे तीन महिने पाळी आलीच नव्हती. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. आजी म्हणाली, "तेल-तूप सोडलंस, म्हणून ती रुसली." मी हसले. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी ना मी!

पुस्तकं उघडल्यावर मात्र हसू मावळलं. आजीचंच बरोबर होतं.

चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेली ज्वारी, नुसता साठा, असं आपण धरून चालतो. पण चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधून काढलं. घरात धान्य किती आहे, याचा निरोप लेप्टिन मेंदूला देतं. निरोप क्षीण झाला की मेंदू हात आखडता घेतो. बीजकोशांना हुकूम जात नाही, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते. रोझ फ्रिश या संशोधिकेनं १९७४ मध्येच मांडलं होतं की पाळी सुरू व्हायला आणि टिकायला अंगात ठरावीक चरबी लागते. पुढे ती नेमकी रेघ काही पक्की ठरली नाही. खाणं आणि श्रम यांचा मेळ जास्त महत्त्वाचा निघाला. पण मूळ विचार टिकला. पाळी चुकते एवढ्यावर हे थांबत नाही. हाडं बळकट होण्याच्या वयातच इस्ट्रोजेन कमी पडलं, तर ती कच्ची राहतात.

आता दुसरी बाजू, तीही आमच्याच घरातली.

चरबी निरोप धाडते, तसं स्वतः इस्ट्रोजेन बनवतेही. तिच्यात अरोमाटेज नावाचं विकर असतं. बायकांच्या अंगातही थोडी पुरुषी संप्रेरकं असतातच. हे विकर त्यांचं इस्ट्रोजेन करतं. (पुरुषांच्या चरबीतही हेच चालतं. हसू नका.) तरुणपणी मुख्य कारखाना बीजकोशांचा. पाळी गेल्यावर तो बंद पडतो आणि चरबीचा हा छोटा कारखानाच काय तो उरतो. अंगावर चरबी जास्त, तर माल जास्त. हाडांना तो थोडा उपयोगी पडतो, पण गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तेव्हा नसतं. अस्तर वाढत राहतं, क्वचित कर्करोगापर्यंत जातं. स्तनाच्या कर्करोगात पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोल देतात, ते याच अरोमाटेजला रोखण्यासाठी.

माझी मावशी सत्तावन्न वर्षांची, अंगानं भारी. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. त्याच दिवाळीत तिला पुन्हा रक्तस्राव झाला, तर म्हणते, "कापूस वेचून उष्णता झाली असेल." मी हट्टानं तिला दवाखान्यात नेलं. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी तपासायचंच असतं, हे मला नुकतंच कळलं होतं.

वजनकाटा मात्र सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली छापून आलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी भरपूर असू शकते.

मावशीच्या सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, अस्तराची वाढ होती. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू झाल्या. मीही त्याच खेपेला डॉक्टरीणबाईंना दाखवून घेतलं. त्यांनी आधी विचारलं, "जेवतेस काय?" भाकरीवर पुन्हा तूप आलं आणि फेब्रुवारीत पाळी आली. आजीला फोन केला, तर म्हणाली, "मग? मावशीच्या गोळ्या संपल्या का ते बघ आधी."