कॅसेटमधला मारिओ आणि कारखान्यातला पीएलसी

भोसरी, पिंपरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ‘पीएलसी’ हा शब्द नवा नाही. यंत्रमानवाचा हात कधी हलवायचा, पट्टा कुठे थांबवायचा, हे ठरविणारा हा नियंत्रक. टीव्हीला जोडण्याचा जुना व्हिडीओ गेम मात्र खेळण्यांत जमा होतो. तरीही या खेळण्याचे अंतरंग तपासण्याचा छंद असलेल्या तंत्रज्ञाला लवकरच जाणवते, की कारखान्यातील नियंत्रक आणि मारिओचा खेळ एकाच शिस्तीने चालतात.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बाजारात आणले. भारतात ते ‘सामुराई’ या नावाने अधिकृतपणे विकले गेले. पण बहुतेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची ही यंत्रे १९९०च्या दशकातील उन्हाळी सुट्टीचा अविभाज्य भाग होती.

या यंत्राचा मेंदू म्हणजे १९७५ मध्ये आलेल्या ६५०२ या प्रोसेसरची सुधारित आवृत्ती. मूळ यंत्रात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांचा. कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. वर्तमानपत्रातला एखादा मध्यम लेखही तीत मावणार नाही. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसविला होता. त्यातील ढग आणि झुडपे यांचा आकार एकच आहे, रंग तेवढा वेगळा. जागा वाचविण्यासाठी केलेली ही काटकसर.

खरी कसोटी जागेची नव्हे, तर वेळेची. मूळ यंत्र सेकंदाला ६० चित्रे दाखवते. म्हणजे एका चित्रासाठी प्रोसेसरला सुमारे ३० हजार ठोके मिळतात आणि साध्यातली साधी आज्ञाही त्यातील किमान दोन ठोके खाते. एवढ्या अवधीत खेळाडूने कोणते बटण दाबले ते वाचायचे, मारिओला पुढे सरकवायचे, टक्कर झाली का ते तपासायचे आणि पुढच्या चित्राची तयारी करायची. पडद्यावरील बदल चित्रस्मृतीत लिहिण्यासाठी तर दोन चित्रांच्या मधला, सुमारे २,२७० ठोक्यांचाच अवकाश मिळतो. काम वेळेत आटोपले नाही तर खेळ संथ होतो किंवा चित्र विस्कटते.

पीएलसीचे चक्रही असेच. आधी सर्व सेन्सरांची स्थिती वाचायची, मग प्रोग्राम वरून खाली तपासायचा, शेवटी मोटर आणि व्हॉल्व्हना आदेश द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या गरजेतून १९६०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या या नियंत्रकाचे एक चक्र साधारणतः काही मिलिसेकंदांत पूर्ण होते. ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे लांबले, तर ‘वॉचडॉग’ ही देखरेख यंत्रणा नियंत्रकच थांबविते. मारिओ अडखळला तर मूल हिरमुसते; पीएलसी अडखळला तर उत्पादन थांबते आणि यंत्रालगत उभ्या असलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो.

जुने यंत्र समजून घेतले, की बालपणीची अनेक कोडीही सुटतात. खेळात शत्रूंची गर्दी झाली की आकृत्या लुकलुकत. याचे कारण असे, की पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या दाखविता येतात. नववी कायमची अदृश्य होऊ नये म्हणून प्रोग्राम लिहिणारे प्रत्येक चित्रात क्रम बदलत आणि आकृत्या आळीपाळीने दिसत. म्हणजे ते लुकलुकणे हा बिघाड नसून विचारपूर्वक केलेली तडजोड होती. आपल्याकडील टीव्ही सेकंदाला ५० चित्रांच्या पद्धतीचे असल्याने, त्या पद्धतीच्या नकली यंत्रांवर ६० चित्रांसाठी रचलेले खेळ जवळपास सहाव्या हिश्श्याने संथ चालत.

कॅसेट चालेना, की तीत फुंकर मारण्याची रीत मात्र चुकीची. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने जोड घट्ट होई आणि श्रेय फुंकरीला जाई. उलट श्वासातील ओलाव्याने धातूचे संपर्क गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाच्या काडीने ते पुसणे, हाच योग्य उपाय होय.

या छंदासाठी मोठा खर्च लागत नाही. साध्या संगणकावर मोफत असेंब्लर आणि या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर असला, की सुरुवात होते. पहिला प्रोग्राम पडद्याचा रंग बदलण्याचा, दुसरा एक चौकोन बटणाने सरकविण्याचा. पुढे तोच प्रोग्राम पुन्हा लिहिता येणाऱ्या कॅसेटवर भरून खऱ्या यंत्रात चालविता येतो.

महाराष्ट्रातील पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ८०८५ हा प्रोसेसर परीक्षेपुरता पाठ केला. आजच्या मोटारीतील किंवा मोबाइलमधील संपूर्ण यंत्रणा एकट्याने समजून घेणे जवळपास अशक्य आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे हे खेळणे मात्र चिकाटी असलेल्या एका माणसाला पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत समजू शकते. पाठ केलेल्या आज्ञा प्रत्यक्ष काय करतात, हे त्यात डोळ्यांनी दिसते आणि तिथे लागलेली वेळेच्या हिशेबाची सवय उद्या पीएलसीसमोर बसतानाही कामी येते.