उलटे मॅनिफोल्ड : खर्च किती, फायदा किती?

धंदा कापडाचा असो की गॅरेजचा, नवी गोष्ट सुरू करण्यापूर्वी तिचा हिशेब मांडावा लागतो. आमची सारी उमर कापडाच्या दुकानात गेली. इंजिनाशी आमचा संबंध माल आणणाऱ्या गाडीपुरता. तरीही आज इंजिनाविषयी लिहितो आहोत, त्याला कारण घडले.

माजरीत आमच्या भाच्याचे छोटे गॅरेज आहे. कोळसा खाणीचा गाव, त्यामुळे ट्रक आणि जीप यांचे काम बारमाही असते. मागच्या उन्हाळ्यात वरोऱ्याच्या एका गिऱ्हाईकाने जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया, 1.8 लिटर पेट्रोल टर्बो, त्याच्याकडे आणली. गाडीत आधीच पुढे मोठा इंटरकूलर बसवलेला होता. आता गिऱ्हाईकाला इनटेक मॅनिफोल्ड उलटे करून हवे होते आणि त्याने काही रक्कम आगाऊही दिली. भाचा आमच्याकडे आला. म्हणाला, "मामू, आर्गन वेल्डिंगचे मशीन घ्यायचे आहे. दुकानातून भांडवल द्या, भागीदारी करू." दुकानाचे पैसे म्हणजे घरातल्या चार भावांची अमानत. म्हणून आधी हे काम काय आहे ते समजून घ्यायचे आम्ही ठरवले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

मॅनिफोल्ड म्हणजे काय?

इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते. हवा फिल्टरमधून येते आणि थ्रॉटलच्या झडपेतून एका पेटीत जाते. त्या पेटीतून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक नळी निघते. पेटी आणि नळ्या मिळून इनटेक मॅनिफोल्ड होते. घाऊक गोदामातून चार दुकानांना सारखा माल जावा, तसे त्याचे काम आहे.

टर्बो गाडीत ही हवा दाबून भरतात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबते. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आजच्या मोटारीत हे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. पण हवा दाबली की ती तापते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात 45 अंशांची हवा आत गेली आणि 0.7 बार दाब चढवला, तर ती 120 अंशांच्या आसपास पोहोचते. गरम हवा विरळ असते, म्हणून तिला मधे इंटरकूलरमधून फिरवून थंड करतात.

उलटे कशासाठी करतात?

कंपनीने थ्रॉटलचे तोंड आपल्या मूळ नळ्यांच्या सोयीने ठेवलेले असते. हौशी मालक पुढे मोठा इंटरकूलर लावतो तेव्हा थंड हवा एका बाजूने बाहेर पडते आणि थ्रॉटल दुसऱ्या बाजूला राहतो. मग नळी इंजिनाला वळसा घालून न्यावी लागते. मॅनिफोल्ड उलटे केले की थ्रॉटल इंटरकूलरच्या बाजूला येतो. नळी आखूड होते, वळणे आणि जोड कमी होतात.

म्हणणारे म्हणतात, यामुळे गाडी पाय दाबताच उसळते. हा दावा आम्ही हिशेबाला लावून पाहिला. सहा सेंटिमीटर व्यासाची एक मीटर नळी वाचली, तर पावणेतीन लिटरची जागा वाचली. त्या जागेत 0.7 बार दाब चढवायला सुमारे दोन लिटर जादा हवा लागते. 1.8 लिटरचे इंजिन 3000 फेऱ्यांवर साध्या दाबालाच सेकंदाला सुमारे 45 लिटर हवा ओढते. म्हणजे ढोबळमानाने वाचला तो सेकंदाचा विसावा भाग. टर्बोच्या चाकाला वेग घ्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. गाडी उशिरा उठते त्याचे मोठे कारण ते चाक आहे, नळीची लांबी नव्हे. खरा फायदा एवढाच की जोड कमी झाल्याने गळतीच्या जागा कमी होतात आणि वळणांत वाया जाणारा दाब थोडा वाचतो.

कामात काय काय येते?

नावावरून वाटते, चार नट खोलायचे आणि फिरवून बसवायचे. बहुतेक इंजिनांत तसे जमत नाही. बोल्टची भोके, इंजेक्टरचा कोन, नळ्यांचा बाक हे सर्व एका दिशेसाठी केलेले असते. म्हणून एक तर त्याच इंजिनाचे, पण थ्रॉटल दुसऱ्या टोकाला असलेले दुसऱ्या मॉडेलचे मॅनिफोल्ड शोधावे लागते, नाही तर असलेले कापून थ्रॉटलचे तोंड दुसऱ्या टोकाला वेल्ड करावे लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम वाकते, त्यामुळे फेसिंग मारून ते पुन्हा सपाट करावे लागते. आत धातूचा एक कण राहिला तरी तो थेट सिलिंडरमध्ये जातो.

पुढे थ्रॉटल आणि सेन्सरच्या वायरी लांबवाव्या लागतात. मॅनिफोल्ड रेडिएटरच्या पंख्याला अडत नाही हे पाहावे लागते. सर्वांत नाजूक बाब ब्रेकची. पेट्रोल गाडीत ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो. ती नळी आणि तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर पायाखालचा ब्रेक दगडासारखा कडक होतो. हौस कोणाची आणि जीव कोणाचा, याचा विचार कारागिराने करावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. विमा कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. अशा गाड्यांची जागा बंद ट्रॅकवर आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. हौस तिथे भागवावी.

आम्ही काय केले?

आर्गन मशीनसाठी भांडवल दिले नाही. भाचा दोन दिवस नाराज होता. मग त्याला म्हटले, आधी आहे त्या गाडीत हवा कुठे गळते ते बघ. त्यासाठी लागणारे साहित्य थोडक्या रकमेत झाले. टर्बोच्या तोंडाला झाकण लावून हलक्या दाबाने हवा सोडायची आणि जोडांवर साबणाचे पाणी टाकायचे. इंटरकूलरच्या खालच्या होज पाइपला चीर निघाली आणि एक क्लॅम्प ढिला निघाला. एअर फिल्टर उघडला तर कोळशाच्या धुळीने काळा ठिक्कर झालेला. तिन्ही कामे झाल्यावर गिऱ्हाईकाने गाडी भद्रावतीपर्यंत पळवून आणली आणि उरलेली आगाऊ रक्कम परत घेतली. उलट्या मॅनिफोल्डचे खूळ त्याच्या डोक्यातून पुरते गेलेले नाही. ट्रॅकवर नेणार असेल तर लेखी घेऊन पुढे पाहू, असे भाच्याने त्याला सांगितले आहे.

टर्बो आता हौशी मोटारीपुरता राहिलेला नाही. माल वाहणाऱ्या डिझेल गाड्यांतही तो असतो, आणि खाणीच्या धुळीत चिरलेले होज आणि कोंदलेले फिल्टर रोज निघतात. गळती तपासण्याचे तेच साहित्य तिथेही चालते. भाच्याकडे आता या कामासाठी वणीपर्यंतच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. यात नफा लहान आहे, पण रोजचा आहे. ज्या तरुणांना गॅरेजच्या धंद्यात उतरायचे आहे त्यांनी आधी गळती शोधण्याचा हात बसवावा. मोठे मशीन त्यानंतर, कामाची खात्री झाल्यावर घ्यावे.